नाग या शब्दाची कुळे

श्रावण शुद्ध पंचमीला घरोघरी पाटावर चंदनाने किंवा हळदीने नाग काढतात, त्याला लाह्या आणि दूध वाहतात. पूजेच्या तबकातली विड्याची पाने असतात नागवेलीची. वेशीवरच्या मारुतीला फासलेल्या शेंदराचे संस्कृत नाव नागसंभव, आणि त्या नावातला नाग साप नव्हे, ते शिसे. पंचांग उघडले तर अमावास्येच्या उत्तरार्धाला नाग नावाचे करण. योगाच्या ग्रंथांत पाच उपप्राणांतला पहिला नाग, म्हणजे ढेकर देणारा वायू. महाभारतात हस्तिनापुराला नागसाह्वय म्हटले आहे, कारण तिथला नाग म्हणजे हत्ती. मग नागपूर, नागोठणे, नागाव, नागझरी, नागझिरा, औंढा नागनाथ, गोव्यातली नागेशी ही गावे, ओढे आणि देवळे नेमकी कोणत्या नागाची?

हा प्रश्न शब्दकोश उघडून सुटणारा नाही. नाग या दोन अक्षरांवर गेली दीडशे वर्षे वाद चालू आहे आणि त्यात पुरातत्त्व, भाषाशास्त्र, धर्म, जातीचा इतिहास, राजकारण असे सगळेच उतरले आहे. वादाचा ठरलेला साचा असा: जुन्या ग्रंथांतले नाग साप होते की माणसे? मला हा साचाच तोकडा वाटतो. एक तर नाग या रूपाखाली एकमेकांशी नाते नसलेले दोन-तीन शब्द येऊन मिसळले आहेत, ते आधी वेगळे करायला हवेत. दुसरे म्हणजे साप आणि माणूस यांच्या ओढाताणीत या शब्दाचा तिसरा, कदाचित सर्वांत टिकाऊ अर्थ बाजूला पडला. तो अर्थ पाण्याचा.

आधी शब्दाचे वय पाहू. ऋग्वेदात साप आहे, पण त्याचे ठळक नाव अहि. इंद्राने मारलेला, पाणी अडवून बसलेला वृत्र हाही अहिच. नाग हा शब्द ऋग्वेदात नाही. शतपथ ब्राह्मणात तो महानाग या जोडशब्दात भेटतो आणि तिथेच पेच पडतो: हा महानाग मोठा साप की मोठा हत्ती, हे त्या वाक्यावरून नक्की करता येत नाही. म्हणजे हा शब्द आपल्याला पहिल्यांदा दिसतो तोच दुहेरी अर्थ घेऊन.

व्युत्पत्तीच्या वाटाही अशाच फुटतात. परंपरेने सांगितलेली व्युत्पत्ती नग या शब्दापासून आहे. नग म्हणजे न जाणारा, अर्थात पर्वत; नगावर राहणारा तो नाग. ती साप आणि हत्ती दोघांनाही लागू पडते. आधुनिक भाषाशास्त्रज्ञांपैकी काहींनी नाग आणि इंग्रजीतला स्नेक हे एकाच प्राचीन मुळाचे मानले. काहींनी त्याचा संबंध नग्न या शब्दाशी लावला: अंगावर केस नसलेला तो नाग, मग तो सरपटणारा असो की सोंडेचा. यातले काहीही सिद्ध झालेले नाही. पण नग्न हा शब्द लक्षात ठेवावा, तो पुढे वेगळ्याच दाराने आत येणार आहे.

अमरकोशाने हे अर्थ फार शिस्तीने मांडले आहेत. पहिल्या कांडातल्या पातालभोगिवर्गात नाग म्हणजे कद्रूची मुले, पाताळात राहणारे, ज्यांचा राजा शेष. दुसऱ्या कांडातल्या क्षत्रियवर्गात, सैन्याच्या सरंजामात, नाग म्हणजे हत्ती. त्याच कांडातल्या वैश्यवर्गात, व्यापाराच्या मालात, नाग म्हणजे शिसे. पाताळ, रणांगण आणि बाजारपेठ असे हे तीन नाग. शिवाय पहिल्या ठिकाणी अमरसिंहाने नाग आणि साधे सर्प यांची गल्लत केलेली नाही. गीतेच्या दहाव्या अध्यायातही भगवंत सर्पांमध्ये आपण वासुकी आणि नागांमध्ये अनंत असल्याचे वेगवेगळे सांगतात. दोन्हींतला नेमका फरक काय यावर टीकाकारांनी बरीच चर्चा केली. काहींनी विष असणारे आणि नसणारे असा भेद केला, काहींनी फण्यांचा. त्या काळी हे दोन शब्द एकमेकांच्या जागी ठेवता येत नव्हते, एवढे मात्र यावरून स्पष्ट दिसते.

मराठीनेही हा भेद जपला, फक्त आपल्या रीतीने. साप हा सरसकट शब्द. नाग म्हणजे फणा काढणारा, फण्यावर दहाचा आकडा असणारा. घोणस, मण्यार, फुरसे, धामण, दिवड, नानेटी यांना कुणी नाग म्हणत नाही. रात्रीच्या वेळी तर सापाचे नावही घ्यायचे नाही, जनावर म्हणायचे किंवा लांबडं म्हणायचे. चावला तर ‘पान लागलं’ म्हणायचे. नागाला मात्र बा लावून नागोबा केले, म्हणजे तो घरातल्या वडीलधाऱ्यांच्या रांगेत आला. राग मनात धरून ठेवण्याला आपण डूख धरणे म्हणतो, तेही त्याच्याच स्वभावाबद्दलच्या समजुतीतून. शास्त्रीय वर्गीकरणातही हा शब्द पोहोचला: लिनीअसने १७५८मध्ये भारतीय नागाला दिलेल्या नावातले नाया आणि १७६८मध्ये लॉरेंटीने केलेली नाया ही प्रजाती ही आपल्याच नागाची लॅटिन रूपे मानली जातात. इंग्रजीतला कोब्रा मात्र उलट्या वाटेने आला. पोर्तुगीजांत कोब्रा म्हणजे कुठलाही साप. आपला फणावाला नाग त्यांना टोपी घातलेला साप वाटला, म्हणून कोब्रा दे कापेलो. इंग्रजांनी मागचा अर्धा भाग टाकून दिला आणि सापाचे सामान्य नाव एकट्या नागाला चिकटले.

नागाचे मादीरूप नागीण. तिच्या नावाने ओळखला जाणारा आजार हा मला या सगळ्या पसाऱ्यातला सर्वांत गंभीर भाग वाटतो, कारण इथे शब्दामुळे माणसाच्या जिवाला घोर लागतो. लहानपणी कांजिण्या देऊन गेलेला विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दबून राहतो आणि पुढे वय झाल्यावर किंवा प्रतिकारशक्ती कमी झाल्यावर उठतो. फोड येतात ते त्या एका मज्जातंतूच्या पट्ट्यात, बहुधा कमरेला किंवा छातीला, अर्ध्या वेढ्यासारखे. हा वेढा पाहून आपल्या पूर्वजांना नागीण आठवली, यात नवल नाही. पण नावाबरोबर समजूतही आली: नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस जातो. शरीराच्या उजव्या आणि डाव्या बाजूंचे तंतू वेगवेगळे असल्यामुळे हे फोड सहसा मध्यरेषा ओलांडतच नाहीत. विषाणूवरचे औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झाले तर सर्वांत चांगला उपयोग होतो, आणि नेमके तेच तास नागीण उतरवून घेण्यात, लेप लावण्यात निघून जातात. आजाराचे नाव बदलायची गरज नाही, पण त्या नावातली सापाची गोष्ट आरोग्यशिक्षणात उघडपणे बोलून दाखवायला हवी.

हत्तीचा अर्थ मराठीत टिकला नाही. संस्कृत आणि पालीत तो खूप फळला. पाली ग्रंथांत बुद्धाला आणि अर्हतांना नाग म्हटले आहे, तिथे डोळ्यांसमोर शांत, बलाढ्य हत्ती असतो. अट्ठकथाकारांनी, म्हणजे त्या ग्रंथांच्या टीकाकारांनी, तर नागाचा विग्रह न आणि आगु असा करून ज्याच्या हातून पाप घडत नाही तो नाग, असा अर्थ काढला. त्याच परंपरेत सर्परूप नागही आहेत: वादळी पावसात बुद्धावर फणा धरणारा मुचलिंद सर्वांच्या ओळखीचा. विनयपिटकात एक चटका लावणारी कथा आहे. एका नागाने माणसाचे रूप घेऊन प्रव्रज्या घेतली, पण झोपेत त्याचे खरे रूप उघड झाले आणि त्याला संघ सोडावा लागला. म्हणून उपसंपदेच्या, म्हणजे पूर्ण दीक्षेच्या, वेळी उमेदवाराला तू माणूसच आहेस ना, असे आजही विचारले जाते. थायलंड, लाओस, कंबोडियात दीक्षेच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या तरुणाला नाग म्हणतात, तो त्या कथेचा मान.

बौद्ध ग्रंथ चीनमध्ये गेले तेव्हा भाषांतरकारांनी नागासाठी आपल्या लुंगचा, म्हणजे पावसाच्या आणि नद्यांच्या उडत्या ड्रॅगनचा, शब्द वापरला. त्यामुळे बौद्ध आचार्य नागार्जुन तिथे लुंगशू झाला. मलाय आणि इंडोनेशियाई भाषांत तर नाग हा मूळ शब्दच त्या काल्पनिक प्राण्याचा वाचक झाला. आपल्याकडे बाजारात ड्रॅगन फ्रूट म्हणून मिळणाऱ्या फळाला तिकडे बुआ नागा म्हणतात. एकच शब्द एका देशातून दुसऱ्या देशात जाताना जिवंत सापाला मागे ठेवून फक्त त्याची दैवी बाजू घेऊन गेला.

शिशाच्या नागाबद्दल थोडक्यात. रसशास्त्रात नाग म्हणजे शिसे आणि वंग म्हणजे कथील. नागभस्म हे औषध त्याच नावाने ओळखले जाते. शेंदूर हा शिशाचा लाल ऑक्साइड, म्हणून नागसंभव. शिसे शरीरात साठत जाते आणि मुलांच्या मेंदूला विशेष घातक ठरते, हे आता पूर्ण सिद्ध आहे. तेव्हा नागभस्म आणि खरा शेंदूर यांपासून मुलांना दूर ठेवलेलेच बरे. वनस्पतींत नागकेशर किंवा नागचाफा हा श्रीलंकेचा राष्ट्रीय वृक्ष आहे आणि तिथे त्याचे नाव नुसते ना. नागवेल, नागदवणा, नागफणी यांची नावे वळणावरून, फण्याच्या आकारावरून किंवा सापाला पळवण्याच्या समजुतीवरून पडलेली दिसतात. नाशिक आणि डांग भागात नाचणीला नागली म्हणतात, तिचे मूळ मात्र मी या यादीत घालणार नाही. केवळ अक्षरे जुळली म्हणून नाते जोडणे हाच तर या विषयातला मोठा धोका.

तो धोका किती खरा आहे ते नागा या शब्दावरून कळते. त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर स्नानाला उतरणाऱ्या नागा साधूंचा सापाशी काही संबंध नाही. त्यांचा नागा हा नग्नाचा. प्राकृतात नग्नाचे नग्ग झाले, त्यातून हिंदीत नंगा आणि मराठीत नागडा, नागवा. कुणाला लुबाडून पार कफल्लक करणे म्हणजे नागवणे, अंगावरचे वस्त्रही न ठेवणे. सावकाराने नागवलेला शेतकरी असे आपण वाचतो तेव्हा त्यात साप शोधत नाही. मग नागा साधूंच्या गळ्यात शंकराचा नाग आहे म्हणून ते नागा, अशी स्पष्टीकरणे का सांगितली जातात? पुढे वैष्णव आणि दादूपंथी लढाऊ साधूंनाही नागा म्हणू लागले आणि त्यांच्यातले कितीतरी जण वस्त्रधारी होते. इथे शब्दाने आपला मूळ अर्थही सोडला आणि तो एका प्रकारच्या संघटनेचे नाव झाला.

ईशान्येकडच्या नागा लोकांची गोष्ट आणखी वेगळी. अंगामी, आओ, लोथा, सेमा, कोन्याक ही त्यांच्यातल्या वेगवेगळ्या जमातींची नावे. नागा हे नाव बाहेरच्यांनी दिलेले, आणि ते असमियातल्या नग्न या अर्थाच्या शब्दावरून आले, डोंगर या अर्थाच्या शब्दावरून आले, की कान टोचलेले या अर्थाच्या ब्रह्मी शब्दावरून आले, यावर एकमत नाही. सापाचा अर्थ मात्र कुठल्याच गंभीर मांडणीत टिकत नाही. नवल याचे की बाहेरून लादलेले हे नाव त्या लोकांनी आपले केले. १९१८मध्ये नागा क्लब स्थापन झाला, १९२९मध्ये त्याने सायमन कमिशनला निवेदन दिले, आणि १ डिसेंबर १९६३ला नागालँड हे राज्य झाले. आज त्या शब्दाचा अर्थ ठरवण्याचा अधिकार त्यांचा आहे. महाभारतातल्या नागकन्या उलूपीला नागालँडमध्ये नेऊन बसवणारे लेख अधूनमधून वाचायला मिळतात, त्यांच्यामागे पुरावा म्हणून अक्षरांच्या जुळण्यापलीकडे काही नसते.

आता मुख्य वाद. १८६८मध्ये जेम्स फर्ग्युसनने सांची आणि अमरावतीच्या शिल्पांवर ग्रंथ लिहिला आणि वृक्ष व सर्प यांची पूजा करणारे आर्येतर लोक म्हणजे नाग, अशी मांडणी केली. १९०५मध्ये सी. एफ. ओल्डहॅमने ‘द सन अँड द सर्पंट’मध्ये नाग हे फण्याचे चिन्ह वापरणारे मानवी राजवंश असल्याचे सांगितले. १९२६मध्ये डच विद्वान फोगेल यांनी ‘इंडियन सर्पंट-लोअर’मध्ये दोघांनाही विरोध केला. हिमालयातल्या चंबा भागात त्यांनी नागदेवता प्रत्यक्ष पाहिल्या होत्या. त्यांच्या मते नाग मुळात सापच होता, त्याला देवत्व आणि मनुष्यरूप नंतर मिळाले. शंभर वर्षांनीही हा ग्रंथ टाळून पुढे जाता येत नाही.

मराठी आणि गोमंतकीय विचारवंतांनी या वादात जी भर घातली तिची दखल आपल्याकडेच कमी घेतली जाते. गोव्यात जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी नाग हे एका वंशाचे नाव मानले नाही. परस्परांशी नाते असेलच असे नाही अशा अनेक वनवासी गटांना, ज्यांचे कुलचिन्ह किंवा दैवत नाग होते, शेतीवर जगणाऱ्या समाजाने दिलेले ते सामान्य नाव, असे त्यांचे म्हणणे. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये खांडववन जाळण्याच्या प्रसंगाकडे पाहिले ते वनातल्या जिवंत माणसांच्या संहाराकडे पाहावे तसे. जंगल जाळून शेतजमीन काढण्याची ही कथा आहे हे एकदा लक्षात आले की जनमेजयाचे सर्पसत्र पूर्वीसारखे वाचता येत नाही. ते सत्र थांबवतो तो आस्तिक, ज्याची आई वासुकीची बहीण. तपस्वी ब्राह्मणाची आणि नागिणीची संतती मध्ये उभी राहते आणि कत्तल थांबते. कथाकाराला नाग परके वाटत असते तर त्याने हे पात्र घडवले नसते.

नागवंशी राजे खरोखर होऊन गेले, याबद्दल शंकेला जागा नाही. समुद्रगुप्ताच्या प्रयाग प्रशस्तीत गणपतिनाग, नागसेन, नागदत्त ही पराभूत राजांची नावे आहेत. वाकाटकांच्या ताम्रपटांत भारशिव घराण्यातल्या भवनागाचा उल्लेख अभिमानाने येतो, कारण त्याची मुलगी प्रवरसेनाच्या मुलाला दिली होती. दुसऱ्या चंद्रगुप्ताची राणी कुबेरनागा. तिची मुलगी प्रभावतीगुप्ता विदर्भात वाकाटकांकडे आली, वैधव्यानंतर रामटेकजवळच्या नंदिवर्धनहून तिने कारभार पाहिला, आणि पुण्यात सापडलेल्या आपल्या ताम्रपटात तिने आई नागकुळात जन्मल्याचे कोरून ठेवले. वासुदेव विष्णु मिराशींनी नागपुरात बसून या लेखांचे जे संपादन केले त्यामुळे हे सगळे आपल्याला नीट वाचता येते. पण या राजांनी नाग हे नाव का घेतले, ते आदिवासी गटातून आले की त्यांनी नागपूजेवरून नाव घेतले, हे त्या लेखांतून कळत नाही.

याच जागी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची मांडणी येते. १९४८च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी ओल्डहॅमचा आधार घेऊन नाग आणि द्राविड ही एकाच लोकांची दोन नावे असल्याचे प्रतिपादन केले. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी हेच शहर का निवडले ते सांगितले: बौद्ध धर्माचा प्रसार नाग लोकांनी केला, ते लोक या भागात राहत होते, इथल्या नदीचे नाव नाग आहे. द्राविड आणि नाग एकच हे समीकरण भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिकणे कठीण आहे, असे माझे मत. पण त्या भाषणाचे मोल त्या समीकरणावर अवलंबून नाही. ज्यांना इतिहासात स्थान नाकारले होते त्यांना एका शब्दातून पूर्वज मिळाले आणि ते पूर्वज बुद्धाचे अनुयायी होते. औरंगाबादेतल्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसराचे नाव नागसेनवन आहे, बौद्ध भिक्षू नागसेन आणि नागार्जुन यांची नावे आज असंख्य घरांत मुलांना ठेवलेली आहेत. व्युत्पत्तीचा निकाल काहीही लागला तरी या शब्दाला इथे जो अर्थ मिळाला तो पक्का आहे.

नागपूरच्या नावाचा कागदोपत्री पुरावा मात्र नेहमीच्या गोष्टीपेक्षा जुना आहे. देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंदने, अठराव्या शतकाच्या आरंभी बारा वाड्या जोडून शहर वसवले हे खरे. पण वर्धा जिल्ह्यातल्या देवळी इथे मिळालेल्या राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या ताम्रपटात, शके ८६२ म्हणजे इ. स. ९४०मध्ये, नागपुर-नंदिवर्धन हा प्रदेश नावानिशी आला आहे. नाव आधी, शहर साडेसातशे वर्षांनी. मग ते नाव नागवंशावरून की नाग नदीवरून? आणि नदीचे नाव कशावरून?

इथे पाणी येते. महाराष्ट्राचा नकाशा बारकाईने पाहिला तर नाग हा शब्द ज्या दुसऱ्या शब्दांशी पुन्हापुन्हा जोडलेला दिसतो त्यांत झरा आणि झरी हे ठळक आहेत. पुण्याच्या जुन्या पेठांतून वाहणारा ओढा नागझरी. पालघरकडे नागझरी, शेगावजवळ रेल्वेचे स्टेशन नागझरी. भंडारा-गोंदियाच्या जंगलातले नागझिरा, जिथे झिरा म्हणजे उन्हाळ्यातही न आटणारे पाणी. या सगळ्या ठिकाणी एखादी नागवंशी टोळी राहत होती असे म्हणणे अवघड आहे, आणि साप तर सगळीकडेच असतात. पण न आटणारे पाणी सगळीकडे नसते.

काश्मीरमध्ये हा अर्थ लपून राहिलेलाच नाही. काश्मिरी भाषेत नाग म्हणजे सरळ पाण्याचा झरा. अनंतनाग, कोकरनाग, शेषनाग. झेलमचा उगम जिथून होतो तो वेरीनाग, ज्याला जहांगीरने अष्टकोनी कुंड बांधले. नीलमतपुराण सांगते की ते खोरे आधी सतीसर नावाचे सरोवर होते, पाणी काढून दिल्यावर तिथे नील नागाच्या आश्रयाने वस्ती झाली. त्या पुराणात नागांची लांबच लांब यादी आहे आणि ती बऱ्याच अंशी झऱ्यांची यादी आहे. बाराव्या शतकात कल्हणाने सुश्रवा नागाची गोष्ट लिहिली: राजाने त्याच्या मुलीवर वाईट नजर टाकली आणि त्याने आकाशातून दगडगोटे पाडून शहर उद्ध्वस्त केले. अकबराच्या दरबारात अबुल फजलने नोंदवले की काश्मीरमध्ये ७०० ठिकाणी दगडात कोरलेले नाग पुजले जातात. धर्म बदलला, पूजा थांबली, तरी झऱ्याचे नाव नागच राहिले.

भारहुतच्या कठड्यावर, इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात, एरापत नागराजाचे शिल्प आहे. एकाच चौकटीत तो आधी पाण्यातून वर येणारा अनेक फण्यांचा साप आहे, मग फण्याचा मुकुट घातलेला माणूस, आणि शेवटी पवित्र वृक्षापुढे गुडघे टेकलेला उपासक. फर्ग्युसन आणि फोगेल ज्यावर भांडले ते या शिल्पकाराला भांडण्यासारखे वाटलेच नव्हते. अजिंठ्यातही तेच: एकोणिसाव्या लेण्याबाहेर बसलेला नागराजा आणि त्याची राणी पूर्ण माणसे आहेत, डोक्यामागे फणे आहेत एवढेच. पहिल्या लेण्यात चांपेय्य आणि शंखपाल या नागरूप बोधिसत्त्वांच्या जातककथा रंगवल्या आहेत, दुसऱ्यात झोक्यावर बसलेली नागकन्या इरंदती आहे. चित्रकारांनी या नागांना डौल दिला, माया दिली, आणि भीती जवळजवळ काढून टाकली.

पाणी आणि नाग यांचा हा संबंध समुद्रापलीकडेही तितकाच ठाम आहे. कंबोडियाच्या स्थापनेच्या दंतकथेत कौंडिण्य हा ब्राह्मण नागकन्या सोमेशी लग्न करतो आणि सासरा, नागराजा, जमिनीवरचे पाणी पिऊन टाकून जावयाला राज्य देतो. शेजारच्या चंपा देशातल्या इ. स. ६५८च्या लेखात या जोडप्याचा उल्लेख आहे. सतीसराचा उपसा आणि हे पाणी पिऊन टाकणे यांत मला एकच जुना अनुभव दिसतो: दलदल आटवून केलेली वस्ती, आणि ज्याचे पाणी होते त्याची आठवण ठेवण्याची गरज. कालियामर्दनाचीही गोष्ट हीच. कृष्ण कालियाला मारत नाही, यमुनेचा डोह सोडून समुद्रात जायला सांगतो.

आपल्या पंचमीच्या आचारातही हे आहे. त्या दिवशी नांगर धरायचा नाही, खणायचे नाही, चिरायचे नाही, तवा ठेवायचा नाही. म्हणून तर दिंडे उकडायची. कहाणीतल्या शेतकऱ्याच्या नांगराने नागाची पिले मरतात. जमीन फोडल्याबद्दलची ती वार्षिक माफी आहे, ऐन पावसाळ्यात, बिळांत पाणी शिरून साप बाहेर येतात त्या दिवसांत. आदल्या दिवशी बायका भावासाठी उपास करतात, आणि माहेर नसलेल्या सुनेला नाग मामा किंवा भाऊ होऊन न्यायला येतो. बत्तीस शिराळ्याला जिवंत नागांची पूजा या दिवसाची ओळख होती. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे नाग पकडण्यावर आणि मिरवण्यावर बंधने आली. ती यायलाच हवी होती, कारण पकडलेल्या, दमवलेल्या सापाचे हाल होतात. शिराळकरांच्या भावनेत वाईट काही नव्हते. नागाला आपल्यातला मानायचे तर त्याला त्याच्या जागी राहू देण्यातही ती भावना टिकू शकते.

या विषयावर आता कोणते काम हवे, तर गावोगावच्या नाग-नावांची पाण्यासकट नोंद. गॅझेटियरमध्ये नावे आहेत, पण त्या नावापाशी झरा आहे का, कुंड आहे का, नागशिळा आहे का, पूजेचा मान कोणत्या कुळाकडे आहे, याची तालुकावार एकत्र नोंद हाताशी असायला हवी. बोअरवेलींनी झरे आटत चालले आहेत आणि माहिती सांगणारी माणसेही थकली आहेत, त्यामुळे हे काम लांबवता येणार नाही.

अशा नोंदीतून काय हाती लागेल याचे एक चांगले उदाहरण आपल्या सीमेलगतच आहे. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात केसलापूरला पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. मान मेश्राम कुळातल्या गोंडांचा. हे आडनाव विदर्भातही घरोघरी ऐकू येते. जत्रेआधी मेश्राम मंडळी पायी गोदावरीवर जातात आणि नागोबाच्या अभिषेकासाठी पाणी घेऊन येतात. कुळात नव्याने आलेल्या सुनांची नागोबाशी भेट घालून दिली जाते, त्याला भेटिंग म्हणतात, आणि त्यानंतरच त्या मेश्राम समजल्या जातात. १९४०च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने याच जत्रेत दरबार सुरू झाला, तिथे आदिवासी आपल्या जमिनीची, जंगलाची, पाण्याची गाऱ्हाणी अधिकाऱ्यांपुढे मांडतात.